थांबलेला हात

डॉक्टरबाईंचा हात थांबला. झालं ते एवढंच. मी मान मागे टाकून आडवी पडले होते, खांद्यांखाली उशी होती, गळ्यावरचं थंडगार जेल ओघळत कानामागे उतरत होतं आणि त्या सोनोग्राफीचा प्रोब मानेवरून सावकाश फिरवत होत्या. उजवीकडे वरून खाली, मग आडवा, मग मधोमध, मग डावीकडे. खोलीतले दिवे मालवलेले. मशीनच्या पंख्याची बारीक घरघर आणि मधूनच बटण दाबल्याचा आवाज. डावीकडे, घशाच्या उंचवट्याच्या जरा खाली प्रोब आला आणि थांबला. किंचित दाबला गेला, किंचित तिरका झाला, पुन्हा तिथेच आला. "गिळू नका हं," त्या म्हणाल्या, आणि नेमकी त्याच वेळी तोंडात लाळ दाटून आली. चार सेकंद गेले असतील, फार तर पाच. पडदा त्यांच्याकडे वळवलेला होता. मला दिसत होता तो त्यांचा चेहरा, पडद्याच्या करड्या उजेडातला, आणि त्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं.

मग प्रोब पुढे सरकला. त्यांनी माझ्या हातात टिश्यू पेपर दिला, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हणाल्या आणि मी गळा पुसत बाहेर आले. तोंडावर प्रश्न होता. विचारला मात्र नाही.

खरं म्हणजे मी या खोलीत यायचं काही कारणच नव्हतं. मान धरली होती, हाताला मुंग्या येत होत्या, म्हणून मणक्याचा एमआरआय काढला. मणका ठीक निघाला. पण रिपोर्टच्या शेवटी, निरोप घेता घेता आठवावं तशी एक ओळ होती: थायरॉइडच्या डाव्या भागात गाठ दिसते आहे, सोनोग्राफी करून घ्यावी. वैद्यकात अशा गाठींना एक वेगळं नावच आहे, इन्सिडेंटलोमा. शोधायला गेलात एक आणि वाटेत सापडली ही. मानेचं दुखणं दहा दिवसांत गेलं. गाठ राहिली. म्हणजे ती आधीपासून होतीच, कदाचित कित्येक वर्षं, माझ्या प्रत्येक घोटाबरोबर वर जात होती आणि खाली येत होती. थायरॉइड श्वासनलिकेला चिकटलेली असते, त्यामुळे तिच्यातली गाठ गिळताना वरखाली होते. तपासणारे डॉक्टर मागे उभे राहून पाण्याचा घोट घ्यायला सांगतात ते यासाठी. घरी आल्यावर मी आरशासमोर पेला घेऊन उभी राहिले. एक घोट, दुसरा, तिसरा. काही दिसेना. बोटांनी चाचपलं तर कधी वाटे आहे, कधी वाटे ही तर श्वासनलिकेची कडा. पेला रिकामा झाला तेव्हा गळा लाल झाला होता आणि मला माझ्याच मानेची ओळख पटत नव्हती.

संध्याकाळच्या रिपोर्टात आकडे होते. १६ मिलिमीटर लांब, ११ रुंद, ९ जाड. भरीव, आजूबाजूच्या भागापेक्षा जरा गडद, कडा नीट. या वर्णनाला गुण देतात हे मला नंतर कळलं. गाठ भरीव आहे की पाण्याने भरलेली, गडद किती, कड सरळ की दातेरी, आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत का, आणि रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का. ही शेवटची गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. साधी गाठ बहुधा ऊतींच्या थरांना समांतर पसरते, आडवी. जी थर ओलांडून उभी वाढते तिच्याकडे संशयाने बघतात. सगळ्या गुणांची बेरीज करून माझी गाठ मधल्या पायरीवर बसली. फार भिण्यासारखी नाही, सोडून देण्यासारखीही नाही. सुईने तपासून घ्या, असा सल्ला आला. सुईची तारीख नऊ दिवसांनंतरची होती.

त्या नऊ दिवसांत मला सगळीकडे गाठी दिसू लागल्या. आधी आठवली आजीची बोटं. तिच्या बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर दोन्ही बाजूंना कठीण उंचवटे होते, प्रत्येक बोटावर मण्यांची जोडी बसवल्यासारखे. लहानपणी दुपारी तिच्या शेजारी पडून मी ते मोजायचे. चाचपताना वरची कातडी सैल, मऊ, सरकणारी आणि खाली अगदी दगड. करंगळी टोकाशी वाकडी झालेली. "आजी, दुखतात का गं?" मी विचारायचे. "आधी दुखायचे. आता नाही," ती म्हणायची आणि हात तसाच माझ्या हातात ठेवून झोपी जायची. या उंचवट्यांना विल्यम हेबरडेन या अठराव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांचं नाव आहे. सांध्यातली कूर्चा झिजते आणि हाड कडेने वाढत जातं. वेदना बहुतेकदा सुरुवातीची, नंतर बोट वाकडं होतं आणि शांत होतं. आजीला यातलं काही माहीत नव्हतं आणि तिचं काही अडलंही नाही. सुईत दोरा ओवायला तेवढा तिला त्रास व्हायचा. मला त्या बोटांची कधी भीती वाटली नाही. किती सहज विचारत होते मी, दुखतात का म्हणून.

धाकट्या भावाच्या छातीवरची गाठ वेगळी. विशीत असताना त्याला छातीवर एक पुटकुळी आली, तांदळाच्या कणाएवढी. ती फुटली, सुकली, आणि जिथे एक ठिपका राहायला हवा होता तिथे व्रण वाढू लागला. वर्षभरात बोटाच्या पेराएवढा झाला. त्याने तो कापून काढला. सहा महिन्यांत पुन्हा आला, पहिल्यापेक्षा मोठा, दोन्ही टोकांना पाय फुटल्यासारखा. याला कीलॉइड म्हणतात. नुसता कापला तर बहुतेकदा परत येतो आणि मोठा होऊन येतो, हे त्याला पहिल्या शस्त्रक्रियेआधी कुणी समजावून सांगायला हवं होतं. नंतर त्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, महिन्याला एक. घट्ट जागेत औषध शिरताना होणारी कळ तो डोळे मिटून सोसायचा. सिलिकॉनच्या पट्ट्या झाल्या. व्रण थोडा बसला, रंग उतरला. पण रात्री खाज सुटते, घाम आला की टोचल्यासारखं होतं, आणि तो आजही शर्टाचं सर्वांत वरचं बटण लावतो. मी एकदा त्याला म्हटलं, हात लावू? त्याने बटण काढलं. चकचकीत, गुळगुळीत, रबरासारखा घट्ट आणि भोवतालच्या कातडीपेक्षा उष्ण. त्यावर एकही लव नव्हती.

या व्रणाचा मी फार विचार केला आहे. जखम झाली की शरीर तिथे कामाला लागतं. रक्त गोठतं, पेशी गोळा होतात, कोलॅजनचे धागे विणले जातात, जखम भरते आणि मग काम बंद होतं. नेहमीचा जाड व्रण झाला तरी तो जखमेच्या हद्दीत राहतो. कीलॉइड हद्द ओलांडून चांगल्या कातडीत शिरतो. जखम भरली आहे ही बातमी त्या पेशींपर्यंत पोचलेलीच नसते. त्या दुरुस्त करत राहतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या निरोगी पेशींबद्दल वाचताना मी एका ठिकाणी अडले होते: त्या पसरत जातात आणि शेजारच्या पेशीला स्पर्श झाला की थांबतात. बशीच्या तळाशी एक थर होतो, एकच, आणि वाढ आवरते. कर्करोगाच्या पेशींना हा स्पर्श कळत नाही, त्या एकमेकींवर चढत जातात. शेजाऱ्याला हात लागल्यावर थांबणं हे पेशीला कुणी शिकवलं असेल, असं मनात येऊन मी पुस्तक मिटलं होतं.

कीलॉइड या नावामागेही एक हकिकत आहे. झाँ-लुई अलिबेर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या व्रणाला आधी जे नाव दिलं त्याचा अर्थ 'कर्करोगासारखा' असा होत होता. पुढे त्यांनीच ते बदललं, कारण हा कर्करोग नव्हे. नवीन नाव घेतलं खेकड्याच्या नांगीवरून, व्रणाच्या कडेने फुटणाऱ्या त्या पायांमुळे. कर्करोग म्हणजेही खेकडाच. ग्रीक वैद्यांनी गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा पाहून त्याला खेकड्याचं नाव दिलं आणि आपणही कर्क हाच शब्द वापरतो. म्हणजे नाव बदललं तरी खेकडा सुटला नाही. माझ्या भावाला जर कुणी त्या विशीत पहिल्या नावाने त्याचा आजार सांगितला असता, तर त्या पोराने त्या रात्री काय केलं असतं?

आपल्याकडे तर एकच शब्द आहे, गाठ. दोरीला मारतो ती गाठ, मनाशी बांधतो ती खूणगाठ, सुटते ती सुरगाठ आणि सुटत नाही ती निरगाठ. माणसं भेटतात तेव्हा गाठ पडते, दरडावायचं असेल तेव्हा आपण म्हणतो, गाठ माझ्याशी आहे. संस्कृतातली ग्रंथी घासत घासत गाठ झाली. आणि माझी गाठ ज्या अवयवात निघाली त्यालाही आपण थायरॉइड ग्रंथीच म्हणतो, म्हणजे शब्दाच्या हिशेबाने ही गाठीतली गाठ. पानं एकत्र बांधायची म्हणून ग्रंथ, तोही याच घरातला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड या गाठी-सुजांच्या प्रकारांना मिळून एक अध्याय दिलेला आहे. तिथलं अर्बुदाचं वर्णन वाचताना मी चमकले होते. गोल, न हलणारं, कमी दुखणारं, मोठं, खोल मुळाचं, सावकाश वाढणारं, न पिकणारं. आजही डॉक्टर बोटांनी हेच बघतात. हलते का, किती घट्ट आहे, केव्हापासून आहे, दुखते का.

कमी दुखणारं. इथपर्यंत आले की मला आत्या आठवते.

आत्याला छातीत गाठ लागली ती अंघोळ करताना, साबणाच्या हाताला. हे तिने आम्हाला खूप नंतर सांगितलं. त्यानंतर आठ-नऊ महिने तिने कुणाला कळू दिलं नाही. दुखत नव्हती ना, म्हणून म्हटलं असेल साधी, असं ती म्हणाली. मोठ्या आवाजात हसणारी, आल्यागेल्याला गच्च कवेत घेणारी बाई. त्या काळात ती मिठी मारायची ती एका बाजूने, उजवा खांदा पुढे करून, डावं अंग मागे ठेवून. मी ते पाहिलं होतं. एकदा निघताना तिने मला तशी जवळ घेतली तेव्हा काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटलं होतं, दारातून वळून तिच्याकडे बघितलंही होतं. तिचा हात तेव्हा डाव्या काखेशी होता. माझ्या मनात प्रश्न आला, नक्की आला, आणि मी म्हटलं, "येते गं आत्या." डॉक्टरांकडे गेली तेव्हा गाठ कातडीला आणि खालच्या स्नायूला चिकटली होती. पुढची तीन वर्षं तिने मोठ्या धीराने काढली. तिच्या शेवटच्या महिन्यांबद्दल मला इथे लिहायचं नाही.

म्हणून गाठ असेल तर बघा, लगेच बघा, वाट पाहू नका, असं मी पुष्कळ वर्षं ज्याला त्याला सांगत आले. मैत्रिणीच्या गर्भाशयात गाठी निघाल्या तेव्हा तिच्यामागे लागून मी तिला दोन डॉक्टरांकडे नेलं. दोघांनीही सांगितलं, त्रास नाही तर हात लावायचं कारण नाही, या इस्ट्रोजेनवर पोसलेल्या असतात, पाळी गेली की बहुतेक आक्रसतात. तसंच झालं. माझा मात्र तेव्हा विश्वास बसला नव्हता. असलेली गाठ आत ठेवून माणूस झोपतो कसा, हे मला उमगत नव्हतं.

आणि मग माझ्या नऊ दिवसांत मी थायरॉइडबद्दल वाचायला बसले आणि माझ्या खात्रीलाच तडा गेला. १९८५ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी इतर कारणांनी मरण पावलेल्या १०१ माणसांच्या थायरॉइड ग्रंथी बारीक काप करून तपासल्या. ३६ जणांत थायरॉइडचा पॅपिलरी नावाचा कर्करोग सापडला, बहुतेक अगदी सूक्ष्म. या माणसांना तो आहे हे कधी कळलं नव्हतं आणि त्याने त्यांना मारलंही नव्हतं. दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोगाच्या सरकारी तपासण्या सुरू झाल्या. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण दवाखाने ती थोड्या जास्तीच्या पैशांत जोडीने करून देऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. त्या आजाराने होणारे मृत्यू जवळपास होते तेवढेच राहिले. मधल्या काळात हजारो लोकांच्या गळ्यांवर व्रण उठले, हजारो लोक रोजच्या गोळीवर गेले, काहींचा आवाज गेला, काहींच्या शरीरातलं कॅल्शियमचं गणित कायमचं बिघडलं. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर आवाहन केलं की हे थांबवा, आणि वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. हे वाचून मला राग आला. कुणावर ते ठरवता आलं नाही. ज्या बाईने भीतीपोटी तपासणी करून घेतली असेल तिच्यात मला मीच दिसत होते, आणि तिच्यामागे लागणाऱ्या बहिणीतही मीच.

२०१६ साली आणखी एक गोष्ट झाली. थायरॉइडच्या गाठींचा एक प्रकार, जो आपल्या वेष्टणातच राहतो, बाहेर पसरत नाही, त्याला तोवर कर्करोग म्हणत होते. निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी अशा १०९ रुग्णांची दहा वर्षं आणि त्याहून अधिक काळाची माहिती तपासली. एकालाही आजार उलटला नव्हता. मग त्यांनी त्याच्या नावातून कर्करोग हा शब्दच काढून टाकला. गाठ तीच, पेशी त्याच, काचेच्या पट्टीवर दिसतं ते चित्र तेच. अलिबेर यांनी त्या व्रणासाठी दोनशे वर्षांपूर्वी जे केलं तेच इथे पुन्हा झालं. ज्यांना आधीच ते नाव सांगून झालं होतं त्यांचं काय, हा विचार मला सोडत नाही. घरी जाऊन त्यांनी कुणाला कसं सांगितलं असेल, मुलांची तोंडं कशी बघितली असतील. नाव काढून घेता येतं, पण त्या रात्री कुणी परत करत नाही.

आत्यासाठी माझं मन एकीकडे ओढत होतं, कोरियातल्या त्या अनोळखी बायकांसाठी दुसरीकडे. दोन्ही खरं आहे. छातीतली गाठ आणि गळ्यातली गाठ यांचा स्वभाव वेगळा, एकीचा नियम दुसरीला लागू होत नाही, हे डोक्याला पटत होतं. पण रात्री दोनला हात गळ्याकडे जायचा तेव्हा डोकं काही बोलत नसे.

कापून टाकावी आणि मोकळं व्हावं असंही मनात येऊन गेलं. तेव्हा कोखर यांची गोष्ट वाचली. थिओडोर कोखर हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे शल्यविशारद. त्या डोंगराळ भागात जमिनीत आणि पाण्यात आयोडीन कमी, म्हणून गलगंड घरोघर. थायरॉइडला आयोडीन मिळालं नाही की मेंदूकडून हुकूम येत राहतात आणि ती बिचारी जास्त पकडता यावं म्हणून फुगत जाते. हिमालयातल्या कांगडा दरीत हेच होत होतं, तिथे १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन द्यायला सुरुवात करून गलगंड ओसरताना दाखवला. एवढ्या मोठ्या दिसणाऱ्या वाढीच्या मुळाशी भूक होती. तर कोखर यांनी १८७४ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलीची गलगंडाने वाढलेली ग्रंथी पूर्ण काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. काही वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांकडून त्यांच्या कानावर आलं की मुलगी बदलली आहे. त्यांनी तिला बोलावून घेतलं. आधी तिच्यात आणि धाकट्या बहिणीत लोकांचा गोंधळ व्हायचा, इतक्या त्या सारख्या. आता धाकटी उंच, तरतरीत तरुणी झाली होती आणि थोरली खुजी, सुजलेल्या चेहऱ्याची, मंद. कोखर यांनी आपले जुने रुग्ण शोधून शोधून तपासले आणि ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती त्यांच्यातल्या बहुतेकांची हीच गत झालेली पाहिली. १८८३ साली त्यांनी ते सगळं आपल्या व्यवसायातल्या लोकांसमोर उघडपणे मांडलं आणि पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. नोबेल त्यांना १९०९ मध्ये मिळालं. मला मात्र त्यांचा मोठेपणा त्या मुलीला पुन्हा बोलावून समोर बसवण्यात दिसतो. आज रोजच्या गोळीने थायरॉइडचं संप्रेरक बाहेरून देता येतं, तेव्हा येत नव्हतं.

सुईच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही सहा-सात जण होतो. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एका तरुण मुलाचा हात मानेच्या बाजूला होता, एका बाईंचा काखेत, एका म्हाताऱ्या गृहस्थांचा मांडीवर, पँटच्या वरून एकाच जागी गोल गोल फिरणारा. माझा कुठे होता ते सांगायला नको. आत गेल्यावर डॉक्टरांनी सुई दाखवली, रक्त काढतात त्याहूनही बारीक. सोनोग्राफीत बघत बघत ती गाठीत नेतात आणि आतल्या आत मागेपुढे हलवतात. दुखलं फार नाही. पण गळ्याच्या आत, आपण ज्या जागेला कधीच स्पर्श केलेला नसतो तिथे, कुणीतरी चालतंय असं वाटत राहिलं. तीनदा सुई गेली. तीनदा काचेच्या पट्टीवर एक गुलाबी थेंब उतरला आणि दुसऱ्या पट्टीने तो पसरवला गेला. माझी एवढ्या दिवसांची झोप त्या थेंबात होती.

निकालासाठी सहा पायऱ्या असतात. पहिली म्हणजे नमुना पुरेसा नाही, सहावी म्हणजे कर्करोग. माझ्या कागदावर दोन आकडा होता. दुसरी पायरी, साधी गाठ. "काही करायचं नाही. वर्षाने सोनोग्राफी करू," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, शंभर टक्के साधी? ते म्हणाले, "शंभर टक्के असं आम्ही कशालाच म्हणत नाही. पण तुम्ही झोपा आता." या उत्तरासाठी मी त्यांची आभारी आहे. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मला ते कळलं असतं.

वर्ष गेलं. गाठीचा विसर पडला असं म्हणणार नाही. उंच गळ्याचा कपडा घातला की आठवते, आवाज बसला की आठवते. कुणाची मान दुखतेय म्हटलं की मी लगेच काही सांगत नाही, जरा ऐकून घेते. भाऊ आला होता तेव्हा मी त्याला रिपोर्ट दाखवला. त्याने तो वाचला, त्याची घडी घातली आणि म्हणाला, "ताई, हात लावू?" मी मान मागे टाकली. त्याची दोन बोटं थोडा वेळ गळ्यावर फिरली. "कुठे आहे?" म्हणाला. मी त्याचं बोट धरून जागेवर नेलं आणि घोट गिळला. "हां," तो म्हणाला. "सरकली." आम्ही दोघं मग बराच वेळ काही न बोलता बसलो होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

परवा पुन्हा त्याच खोलीत गेले. त्याच डॉक्टरबाई, तीच उशी, कानामागे उतरणारं तेच थंड जेल. उजवीकडे वरून खाली, मग आडवा, मग मधोमध. डावीकडे प्रोब आला आणि थांबला. किंचित दाबला गेला. "गिळू नका हं," त्या म्हणाल्या. तोच करडा उजेड, तोच चेहरा. मी श्वास धरून पडून राहिले. प्रोब सुटल्याबरोबर घोट गिळला आणि विचारलं.

"डॉक्टर, इथे आल्यावर तुम्ही थांबता ना, तेव्हा काय करता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पडदा माझ्या बाजूला वळवला. करड्या धुक्यात एक लंबगोल जरा गडद डाग, आडवा. त्याच्या दोन टोकांना दोन पिवळ्या फुल्या आणि मधे ठिपक्यांची रेघ.

"मोजते," त्या म्हणाल्या. "चित्र गोठवून या फुल्या टोकांवर बसवायच्या असतात. तुम्ही गिळलंत की ती हलते, मग पहिल्यापासून."

रेघेखाली १६ असा आकडा होता.